'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'चं पहिलं पर्व पुन्हा पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कोणती?

लंडन वीकेंड टेलिव्हिजन या कंपनीने केलेली ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्हीवर १० ऑक्टोबर १९७१ ला, रविवारी रात्री उशिराच्या वेळेत सुरू झाली आणि २१ डिसेंबर १९७५ ला संपली. पाच पर्वं, ६८ भाग. लंडनच्या बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्तीतलं १६५, ईटन प्लेस हे घर. मधल्या मजल्यांवर खासदार रिचर्ड बेलामी, त्याची उमराव घराण्यातली बायको लेडी मार्जरी आणि त्यांची दोन मुलं, जेम्स आणि एलिझाबेथ. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांची बसण्या-जेवण्याची खोली. अगदी वर, छपराखाली, मोलकरणींच्या झोपायच्या खोल्या. म्हणजे दिवसभर ज्यांनी खाली राबायचं त्यांनीच रात्री सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन झोपायचं.

कथा नोव्हेंबर १९०३ मध्ये सुरू होते आणि १९३० पर्यंत जाते. इथे बोलणं आहे ते मुख्यतः पहिल्या पर्वाच्या १३ भागांबद्दल. पुढे काय होतं हेही अधूनमधून येईल. पन्नास वर्षं जुन्या मालिकेचं गुपित राखणं काही जमणारं नाही, तेव्हा ज्यांना कोरं राहायचं आहे त्यांनी आधी भाग पाहून यावेत.

पहिलं पर्व गाळून दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का? बरेच जण तसंच सुचवतात.

चालेल, पण करू नका.

हा सल्ला आला कुठून ते आधी सांगतो. अमेरिकेत ही मालिका जानेवारी १९७४ पासून पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या 'मास्टरपीस थिएटर' या कार्यक्रमात दाखवली गेली. तिथे पहिल्या दोन पर्वांच्या २६ भागांतून निवडून फक्त १३ घेतले. गळालेल्यांत बहुतेक भाग पहिल्या पर्वाचे होते, आणि त्यातले कृष्णधवल भाग तर सरसकट. अमेरिकी प्रेक्षकांना ते दिसले १९८० च्या दशकाच्या अखेरीस, 'हरवलेले भाग' अशा नावाखाली. मधल्या दीड दशकात समज पक्का झाला की सुरुवातीचे भाग म्हणजे अजून हात न बसलेल्या मंडळींचा सराव.

माझं मत नेमकं उलट आहे. नंतरच्या पर्वांत निर्मिती सफाईदार झाली, कपडे देखणे झाले, प्रेक्षकांना घर आवडू लागलं, आणि मग मालिकेलाही स्वतःचं घर आवडू लागलं. पहिल्या पर्वात तसं नाही. तिथे घर ही राहायची जागा कमी आणि एका माणसाने दुसऱ्यावर हुकमत चालवायची यंत्रणा जास्त आहे. हडसन बटलरचा तो लाडका, वडीलधारा चेहरा नंतरचा. सुरुवातीचा हडसन घाबरवतो.

पहिला भाग रंगीत आहे आणि दुसऱ्यापासून एकदम कृष्णधवल. माझी प्रत खराब आहे का?

नाही, प्रत ठीक आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये आयटीव्हीच्या तंत्रज्ञांनी रंगीत यंत्रसामग्रीवर काम करण्यासाठी जादा पगार मागितला आणि तो मिळेपर्यंत रंगीत चित्रण बंद ठेवलं. कॅमेरे रंगीत, स्टुडिओ रंगीत, पण चित्रण कृष्णधवल. हा तिढा फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला. त्या काळात या मालिकेचे पहिले सहा भाग झाले होते. संप मिटल्यावर उरलेले सात रंगीत झाले आणि पहिला भाग मुद्दाम पुन्हा, रंगात चित्रित केला गेला. पहिलीच चव फिकी नको, परदेशी वाहिन्यांना विकताना अडचण नको, हा हिशेब. म्हणून दुसरा ते सहावा हे पाच भाग कृष्णधवल राहिले. पहिल्या भागाची मूळ कृष्णधवल टेप पुसली गेली असंच मानलं जातं. त्या काळी टेप महाग होती आणि जुनं पुसून नवं भरणं हा सगळ्याच वाहिन्यांचा रिवाज होता.

नोकरांच्या कहाणीचे पहिले भाग कामगारांच्या पगारवाढीच्या भांडणामुळे बिनरंगाचे झाले, हा योगायोग कुठल्या लेखकाने रचला असता तर आपण त्याला नावं ठेवली असती.

पहिल्या भागाचे दोन शेवट आहेत म्हणतात. खरं का?

खरं. ज्या देशांना फक्त रंगीत भाग हवे असतील त्यांच्यासाठी कथा जुळली पाहिजे, म्हणून दोन शेवट करून ठेवले. एकात नवी मोलकरीण सॅरा घरात राहते, दुसऱ्यात निघून जाते. संपूर्ण संचात सहसा पहिला शेवट असतो, कारण पुढच्या कृष्णधवल भागांत सॅरा आहे.

'ऑन ट्रायल' या पहिल्या भागात एवढं विशेष काय आहे?

फे वेल्डन यांनी लिहिलेला हा भाग पुन्हा पाहताना जास्त बोचतो. एक तरुण मुलगी नोकरीसाठी येते आणि थेट पुढच्या दाराची घंटा वाजवते. तिला तिथून हाकलून रस्त्यालगतच्या लोखंडी कठड्यातून तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर पाठवलं जातं. एका मिनिटात घराचा नकाशा आणि समाजाचा नकाशा दोन्ही कळले.

मग लेडी मार्जरीसमोर मुलाखत. मुलगी नाव सांगते क्लेमन्स, आणि आपल्या फ्रेंच खानदानी वंशाच्या गोष्टी रचायला लागते. लेडी मार्जरी तिला शांतपणे सांगते की हे मोलकरणीचं नाव नाही. आजपासून तू सॅरा. आवाज चढत नाही, चेहऱ्यावर दुष्टपणा नाही. रेचल गर्नी यांनी हे वाक्य पडदे बदलायला सांगावं तितक्या सहज म्हटलं आहे आणि सगळी ताकद त्या सहजतेत आहे. आपल्याकडे लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव कोरलेल्या बायका आजही हयात आहेत. त्यांना या प्रसंगाबद्दल वेगळं काही सांगावं लागणार नाही.

पुढे खाली, नोकरांच्या टेबलावर, तिची दुसरी परीक्षा होते. तिथले परीक्षक वरच्यांपेक्षा कडक. तिच्या थापा एकेक करून उघड्या पडतात. तिला धड वाचता येत नाही हेही उघड होतं. पॉलिन कॉलिन्स यांनी सॅराला बिचारी होऊ दिलेलं नाही. ती खोटं बोलते ते फसवण्यासाठी कमी आणि आपण एवढ्याच आहोत हे मान्य नाही म्हणून जास्त. आणि तिला सांभाळून घेणारी रोझ, जीन मार्श, हिला मात्र हे सगळं मान्य आहे, नव्हे, त्यातच तिची प्रतिष्ठा आहे. माळ्यावरच्या एकाच पलंगावर झोपणाऱ्या या दोन मुली म्हणजे पहिल्या पर्वाचा कणा. एक म्हणते इथून बाहेर पडायचं, दुसरी म्हणते इथेच नीट राहायचं. मालिका कुणा एकीला बरोबर ठरवत नाही.

कल्पना कुणाची होती?

जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. दोघींच्याही घरच्यांनी अशा मोठ्या घरांत चाकरी केलेली. पडद्यावर मोठ्या घरांच्या कहाण्या चालत, त्यात नोकर ट्रे घेऊन यायचे आणि जायचे. ट्रे ठेवून ते जातात कुठे, हा या दोघींचा प्रश्न. सॅराची भूमिका ॲटकिन्स स्वतः करणार होत्या, पण त्या वेळी त्या रंगभूमीवर अडकल्या होत्या, म्हणून ती कॉलिन्स यांच्याकडे गेली.

निर्माते जॉन हॉक्सवर्थ आणि पटकथांवर शेवटचा हात फिरवणारे आल्फ्रेड शॉनेसी यांचं योगदान मोठं. शॉनेसींचे सावत्र वडील राजघराण्याच्या पदरी अधिकारी होते, त्यामुळे वरच्या मजल्यावर चहा कसा घेतात, कोणाला कोणी कशी हाक मारायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. खालचं ज्ञान दोघींकडून, वरचं यांच्याकडून. मालिका दोन्हीकडे विश्वासार्ह वाटते ती म्हणून.

खालच्या लोकांत कोण कुणाच्या वर? सुरुवातीला गोंधळ होतो.

होतो खरा. उतरंड अशी : सगळ्यांत वर बटलर हडसन (गॉर्डन जॅक्सन). स्कॉटिश, धार्मिक, वाचन बरं, आणि मालकांहूनही जास्त मालकांच्या इभ्रतीची काळजी. स्वयंपाकघरात मिसेस ब्रिजेस (अँजेला बॅडली). नवरा वगैरे कोणी नाही; स्वयंपाकघराची प्रमुख म्हणून 'मिसेस' हा मान. लेडी मार्जरीची खास दासी रॉबर्ट्स. तिचा संबंध थेट बाईसाहेबांशी, म्हणून ती खाली असूनही खालच्यांत मिसळत नाही. मग मोलकरणींत मुख्य रोझ. फुटमन, म्हणजे दार उघडणारा, जेवण वाढणारा गडी, आल्फ्रेड, ज्याच्या तोंडी सतत बायबलची वचनं. गाडीवान पिअर्स. आणि सगळ्यांच्या शेवटी स्वयंपाकघरातली आयरिश पोरगी एमिली, जिला प्रत्येकाने ओरडावं.

लक्षात घेण्यासारखं म्हणजे वरही उतरंड आहेच. रिचर्ड बेलामी हा खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. लेडी मार्जरी अर्ल ऑफ साउथवोल्डची मुलगी. घर, पैसा, राजकारणातला वशिला, सगळं सासरकडचं. डेव्हिड लँग्टन यांनी रिचर्डच्या वागण्यात घरजावयाचा तो किंचित संकोच शेवटपर्यंत ठेवला आहे. तत्त्वाची बाजू घ्यायला तो उभा राहतो आणि मग बायकोकडे बघून खाली बसतो, हे पहिल्या पर्वात पुन्हा पुन्हा घडतं.

फार संथ आहे, आणि सगळं नाटकासारखं दिसतं. भिंतीसुद्धा हलल्यासारख्या वाटतात.

हे नाटकच आहे, असं धरून बसलात तर त्रास कमी होईल. त्या काळची पद्धत अशी : आठवडा-दीड आठवडा तालीम, मग स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यात एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून व्हिडिओ टेपवर लांब लांब प्रसंग सलग चित्रित करायचे. कापाकापी खर्चिक, म्हणून छोटी चूक झाली तरी प्रसंग पुढे न्यायचा. एखादा नट शब्दाला अडखळतो, कुठे माइकची सावली पडते. बाहेरचे मोजके प्रसंग फिल्मवर घेतलेले, त्यामुळे दारातून बाहेर पडताच चित्राचा पोतच बदलतो.

पण या पद्धतीमुळे जे मिळतं ते आजच्या मालिकांत दुर्मीळ झालं आहे. दोन माणसं एका खोलीत सात-आठ मिनिटं बोलतात आणि कॅमेरा पळत नाही. मराठी प्रेक्षकाला तर याची सवय असायला हवी. आपण दिवाणखान्यातली तीन अंकी नाटकं बघत मोठे झालो. पहिले दोन भाग धीर धरा, तिसऱ्यापासून तुम्ही भिंतींकडे बघणार नाही.

'बोर्ड वेजेस' म्हणजे काय?

कुटुंब उन्हाळ्यात बाहेरगावी गेलं की मागे राहिलेल्या नोकरांसाठी रोजचा स्वयंपाक मांडण्याऐवजी त्यांना जेवणाखाण्यासाठी ठरावीक रक्कम द्यायची पद्धत होती. तिसऱ्या भागाचं नाव त्यावरून आलं. हाही वेल्डन यांचाच.

रिकाम्या घरात तरुण नोकर वरच्यांचे कपडे चढवतात, त्यांची दारू काढतात, त्यांच्या नकला करतात. बराच वेळ हे गमतीचं आहे. मग मुलगा जेम्स अचानक घरी येतो. तो रागावून सगळ्यांना पिटाळून लावत नाही, हेच वाईट. तो खेळात शिरतो आणि खेळ कोणाच्या मालकीचा आहे हे दाखवून देतो. सायमन विल्यम्स तेव्हा पंचविशीच्या आसपासचे; इतका देखणा आणि इतका नकोसा माणूस त्यांनी एकाच चेहऱ्यात बसवला आहे. कृष्णधवल पाच भागांतला हा माझ्या लेखी सर्वोत्तम. आणि कृष्णधवल असल्याने तो बिघडलेला नाही, सुधारला आहे : उघडं-बंद घर, पांढऱ्या चादरींनी झाकलेलं फर्निचर, त्यात इकडून तिकडे धावणाऱ्या सावल्या.

याच भागानंतर सॅरा गायब होते. तिला काढून टाकलं का?

ती स्वतः घर सोडून जाते आणि 'अ व्हॉइस फ्रॉम द पास्ट' या दहाव्या भागात परत येते. एलिझाबेथला गरिबांना सूप वाटायचा समाजसेवेचा उमाळा येतो आणि रांगेत तिला सॅरा भेटते. तिला घरी आणलं जातं, पण पूर्वीच्या जागेवर नव्हे, स्वयंपाकघराच्या तळाच्या कामावर. परोपकाराबद्दल इतका कुचकट भाग क्वचित लिहिला गेला असेल.

बाकीच्यांपैकी कोणते भाग चुकवू नयेत?

'द मिस्ट्रेस अँड द मेड्स' (दुसरा). लेडी मार्जरीचं तैलचित्र काढायला आलेला एक कलंदर चित्रकार गुपचूप सॅराला समोर बसवून दुसरंही चित्र काढतो. त्यात सॅरा आणि रोझ आपल्या माळ्यावरच्या खोलीत, विवस्त्र. रोझ तर त्याच्यासमोर बसलेलीही नाही. त्याने तिला सॅराच्या वर्णनावरून रंगवलं. दोन्ही चित्रं रॉयल अकॅडमीत लागतात आणि बोभाटा होतो. मोलकरणीचं शरीर चित्रात आलं तर अब्रू मालकाची जाते, रोझची नाही, ही विनोदी भागातली कडू गोळी.

'अ क्राय फॉर हेल्प' (सहावा). मेरी नावाची मोलकरीण गरोदर आहे. आधीच्या घरातल्या मुलाने तिच्यावर जबरदस्ती केलेली. रिचर्ड तिच्या बाजूने उभा राहायचं ठरवतो. मग एकामागून एक दारं बंद होत जातात : मित्र, वकील, पक्ष, बायको. कोणी धमकी देत नाही, सगळे सभ्यपणे समजावतात. शेवटी मेरीलाच जावं लागतं. त्या काळी नोकर सोडून जाताना मालकाने चारित्र्याचा दाखला द्यायचा की नाही, हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर होतं. कायद्याने त्याच्यावर बंधन नव्हतं. दाखला नाही म्हणजे दुसरी नोकरी नाही. हे ठाऊक असेल तर या भागातली भीती नीट कळते. सुझन पेनहॅलिगन यांची मेरी फार बोलत नाही. तिच्याबद्दल बाकीचेच बोलत राहतात.

'मॅजिक केसमेंट्स' (सातवा, इथून रंग परत येतात). लेडी मार्जरी आपल्या मुलाच्या मित्राच्या, एका तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. गर्नी यांचा हा भाग. आतापर्यंत जिला आपण थंड समजत होतो तिच्या आत काय दडपलेलं आहे ते दिसतं. आणि खाली सगळ्यांना सगळं ठाऊक असून कोणी काही बोलत नाही, हेही.

'आय डाइज फ्रॉम लव्ह' (आठवा). एमिली दुसऱ्या घरच्या फुटमनच्या प्रेमात पडते. त्याची मालकीण दोघांना भेटायला बंदी करते, आणि तोही मागे फिरतो. मिसेस ब्रिजेसचा स्वयंपाकघरातला जाच तर रोजचाच. एमिली गळफास घेते. आत्महत्येचा हा प्रसंग आजही जड जातो, आधीच सांगून ठेवतो. मालिका सुरू होऊन जेमतेम आठ भाग झालेले असताना सगळ्यांत निरुपद्रवी पात्राला असं मारण्याचं धाडस पुढच्या पर्वांत क्वचितच दिसलं.

आणि त्याला जोडून 'व्हाय इज हर डोअर लॉक्ड?' (नववा). हा भाग आठव्याशिवाय पाहू नये. एमिलीच्या मृत्यूनंतर मिसेस ब्रिजेस आतून ढासळते आणि रस्त्यातून कुणाचं तरी तान्हं मूल उचलून आणते, खोलीत दडवते. प्रकरण न्यायाधीशासमोर जातं. हडसन तिला वाचवतो तो एका कबुलीने : निवृत्त झाल्यावर मी या बाईंशी लग्न करीन. दोघांत प्रेमाचा एक शब्द झालेला नाही. गॉर्डन जॅक्सन हे सांगताना कोटाची बटणं नीट लावलेल्या माणसासारखे ताठ उभे आहेत. हे वचन पाळलं जातं थेट मालिकेच्या शेवटच्या भागात, म्हणजे कथेतल्या काळाने वीसेक वर्षांनी. पहिलं पर्व गाळलेल्यांना त्या लग्नामागे एका मेलेल्या पोरीची गोष्ट आहे हे कळतच नाही.

आणि गाळले तरी चालतील असे?

'द स्वीडिश टायगर' (अकरावा). जेम्सचा स्वीडिश मित्र, चोरी, थोडी धावपळ. घराबद्दल नवं काही कळत नाही.

'अ सूटेबल मॅरेज' (पाचवा) बद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. एलिझाबेथच्या मागे लागलेला जर्मन सरदार खरा कसा आहे हे उघड होतं ते फुटमन आल्फ्रेडबरोबरच्या त्याच्या संबंधातून, आणि वर तो शस्त्रांच्या व्यवहारातला कारस्थानी निघतो. समलिंगी म्हणजे परका, कपटी, देशाचा शत्रू, असं समीकरण मालिकेने फारसा विचार न करता वापरलं आहे. इंग्लंडमध्ये असे खाजगी संबंध गुन्हा नाहीत हे ठरलं १९६७ मध्ये. हा भाग त्यानंतर तीन-चार वर्षांतला. त्या काळचा दस्तऐवज म्हणून पाहा, सहृदयता शोधू नका. आल्फ्रेडचं पुढे काय होतं ते तिसऱ्या पर्वात येतं, तेव्हा कथेसाठी लागतोच.

'डाउनटन अॅबी' पाहिली आहे. मग हे का पाहायचं?

'डाउनटन' ही मालक-नोकरांचीच ब्रिटिश मालिका २०१० मध्ये आली आणि तिने या मालिकेचं ऋण जागोजागी घेतलं. टायटॅनिकसुद्धा : तिथे सुरुवातच त्या बातमीने होते, इथे तिसऱ्या पर्वाच्या आरंभी लेडी मार्जरीच त्या बोटीबरोबर बुडते. फरक भल्या मालकांचा आहे. 'डाउनटन'मध्ये संकट आलं की साहेब मोठ्या मनाने मार्ग काढतात आणि नोकराचे डोळे पाणावतात. इथे रिचर्डही मनाने मोठाच आहे, पण मेरीच्या बाबतीत त्याचं मोठं मन कुठल्याच कामाला येत नाही. दुसरा फरक जागेचा. 'डाउनटन' ऐसपैस राजवाड्यात घडते. ईटन प्लेसचं घर शहरातलं, उभट, अरुंद. जिन्यात एकमेकांना चुकवता येत नाही.

यातला इतिहास किती विश्वासार्ह आहे?

रोजच्या जगण्याच्या बाबतीत पुष्कळच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. बायकांसाठी तो सगळ्यांत मोठा रोजगार होता. पहाटे उठून शेगड्या साफ करणं, कोळसा आणि गरम पाण्याचे डबे मजल्यामजल्यांवर चढवणं, घंटा वाजली की हातातलं टाकून धावणं, हे सगळं दिसतं. राजकीय घडामोडी बहुधा वर्तमानपत्रातून किंवा जेवणाच्या टेबलावरून येतात : सातव्या एडवर्डचा दरबार, १९०६ मधला लिबरल पक्षाचा प्रचंड विजय आणि बेलामींसारख्या कॉन्झर्व्हेटिव्ह घरांत त्याने उडवलेली झोप. म्हातारपणी कुठे जाणार, ही मिसेस ब्रिजेसची धास्तीही खरी आहे. सरकारी वृद्धत्व पेन्शन सुरू झालं ते जानेवारी १९०९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. तोवर मालकाची कृपा, नातेवाईक, नाहीतर वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं गरिबांचं आश्रयघर.

भारताचा काही संबंध येतो का?

पहिल्या पर्वात नावापुरता. दुसऱ्यात जास्त, आणि बोलका. सॅराला जेम्सपासून दिवस जातात तेव्हा घरचे तिला एकीकडे पाठवतात आणि त्याला त्याच्या पलटणीतून भारतात. नको झालेल्या मुलांना ठेवायची जागा म्हणून साम्राज्य किती सोयीचं होतं, हे कुठल्याही भाषणाशिवाय कळतं. त्याच पर्वात हडसनचा भाऊ भारतात इंजिनिअर म्हणून पैसा आणि मान मिळवून लंडनला येतो, आणि त्याच्यासमोर हडसनला आपण बटलर आहोत हे सांगता येत नाही. एकाच स्कॉटिश घरातले दोघे. एक वसाहतीत गेला आणि साहेब झाला, दुसरा लंडनला गेला आणि नोकर झाला.

२०१० मध्ये बीबीसीने ही कथा १९३६ पासून पुढे चालू केली, तेव्हा वरच्या मजल्यावर अमनजीत सिंग नावाचा भारतीय सचिव आला. भूमिका आर्ट मलिक यांची. त्याला टेबल वरच्यांचं की खालच्यांचं, हा प्रश्न त्या नव्या मालिकेतल्या चांगल्या कल्पनांपैकी एक.

उच्चार कळतात का?

उपशीर्षकं लावा. हडसनचं स्कॉटिश, एमिलीचं आयरिश, सॅराचं लंडनच्या गल्लीतलं, आणि वरच्यांचं तोंड न उघडता बोललेलं इंग्रजी. त्यात ध्वनिमुद्रण १९७१ चं.

मुलांबरोबर पाहता येईल?

चौदा-पंधराच्या पुढच्यांबरोबर जरूर. दुसरा, सहावा आणि आठवा भाग आधी स्वतः बघा.

ते घर खरंच आहे का? लंडनला गेल्यावर पाहता येईल?

बाहेरून. चित्रणासाठी ६५, ईटन प्लेसचा दर्शनी भाग वापरला आणि आकड्याच्या आधी १ रंगवून त्याचं १६५ केलं. स्लोन स्क्वेअर स्टेशनवरून चालत जाता येतं. पांढऱ्या गिलाव्याच्या, खांबांच्या देवड्यांच्या घरांची रांग आहे. एकोणिसाव्या शतकात टॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाने हा परिसर उभा केला, जमीन ग्रोव्हनर घराण्याची. तिथे आज लोक राहतात, तेव्हा घंटा वाजवू नका. पुढच्या दाराचा फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा कठड्याजवळ थांबून खाली उतरणाऱ्या पायऱ्या बघा.

पहिलं पर्व आवडलं तर पुढे काय?

सरळ दुसरं. जॉन ऑल्डर्टन यांचा तरतरीत, बेरकी शोफर टॉमस येतो आणि सॅराला तिच्या तोडीचा माणूस मिळतो (हे दोघे कलाकार प्रत्यक्षातही नवरा-बायको, पुढे १९७९ मध्ये त्यांची 'टॉमस अँड सॅरा' नावाची स्वतंत्र मालिकाही झाली). एमिलीच्या जागी रुबी येते. तिसऱ्या पर्वात घराची रचनाच बदलते. चौथं पूर्ण पहिल्या महायुद्धावर आहे आणि पुष्कळांच्या मते सगळ्यांत चांगलं. त्यावर मी वाद घालणार नाही. पाचवं थोडं पसरट आहे, पण शेवटच्या भागासाठी ते पाहावंच लागतं, कारण रोझ रिकाम्या घरातून शेवटची फेरी मारते आणि पहिल्या पर्वातले आवाज तिच्या कानांवर येतात. ते कोणाचे, हे ओळखायला तेरा भाग लागतात.